गरम लागणारा स्विच आणि भाड्याची खोली

या पानावर आम्ही आजवर रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, बाळंतपणातला रक्तक्षय अशा विषयांवर लिहीत आलो. या महिन्यात स्विचवर लिहितो आहोत. आरोग्याच्या पानावर स्विच कशाला, असे कोणी विचारील. पण भाजणे, धुराने गुदमरणे आणि विजेचा धक्का हे तिन्ही शेवटी रुग्णालयातच पोहोचतात, आणि या तिन्हींची सुरुवात बऱ्याचदा भिंतीवरच्या चार इंच जागेत होते. शिवाय हा विषय वाचकांनीच पुढे आणला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडून पुणे, पिंपरी, ठाणे, नागपूर इथे भाड्याने राहणाऱ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो : “गिझर लावला की स्विच हाताला चटका देतो, कधी जळका वास येतो. मालकाला सांगितले तर ते म्हणतात, चालतंय ना! जास्त बोललो तर खोली सोडायला सांगतील. काय करावे?”

यात दोन प्रश्न आहेत, एक विजेचा आणि एक खोलीचा. विजेचा सोपा आहे, म्हणून तो आधी घेऊ.

स्विच का तापतो?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की ते उपकरण किती अँपिअर ओढते ते कळते. सातवी-आठवीतल्या मुलाला हे गणित घालावे, तो आनंदाने घरभर फिरून करील. पंखा ७५ वॅटचा, म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही. इस्त्री १००० वॅटची, म्हणजे ४.३ अँपिअर. पाण्याचा रॉड १५०० वॅटचा असेल तर ६.५. गिझर किंवा इंडक्शन शेगडी २००० वॅटची असेल तर ८.७. आता आपल्या बोर्डावरचे लहान स्विच आणि लहान सॉकेट पाहा. ते ६ अँपिअरचे असतात. मोठा, जाड पिनांचा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. गिझर, इंडक्शन, मोठा रॉड, एसी यांची जागा फक्त १६ अँपिअरवर. लहान सॉकेटवर गिझर चालतो, हे खरे आहे. तो चालतो आणि त्याच वेळी स्विचच्या आतले पितळ आणि प्लॅस्टिक रोज थोडे थोडे भाजत असतो.

पण पुष्कळदा १६ अँपिअरचा स्विचसुद्धा तापतो. तिथे भार योग्य असतो, जोड सैल असतो. स्विचमागे वायर एका बारीक स्क्रूने आवळलेली असते. तो स्क्रू ढिला राहिला, वायरच्या दहा तारांपैकी चारच आत गेल्या, किंवा आतल्या पट्ट्या झिजून काळ्या पडल्या, की विजेला त्या ठिकाणी अडथळा होतो. अडथळा तिथे उष्णता. आणि ही उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. गिझरच्या ८.७ अँपिअरला ०.१ ओहमचा अडथळा आला, तर त्या एका जागी सुमारे साडेसात वॅट उष्णता तयार होते. आकडा लहान वाटेल, पण ती जागा मसुराच्या दाण्याएवढी असते आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिकने बंद असते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, थंड झाला की आकसतो, स्क्रू आणखी ढिला होतो, पितळावर काजळी धरते, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. हे आहे म्हणून ते होते, ही भगवान बुद्धांनी दाखवलेली कार्यकारणाची साखळी आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात नेहमी ऐकतो. इथे ती भिंतीत चालू असते. घराला आग लागली की शेजारी म्हणतात, नशीब वाईट. नशिबाचा त्यात काही भाग नसतो.

आता एक गोष्ट, जी चांगल्या शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. “आमच्याकडे एमसीबी आहे, काही झाले तर तो पडेल,” असे आपण समजतो. एमसीबी पडतो तो दोन कारणांनी : तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त भार आला तर, किंवा शॉर्टसर्किट झाले तर. सैल जोडामध्ये प्रवाह वाढतच नाही. गिझर ८.७ अँपिअरच ओढत असतो, म्हणून एमसीबी शांत बसतो आणि स्विच जळत राहतो. आरसीसीबी, ज्याला वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात, त्याचे काम वेगळे. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे, कदाचित माणसाच्या अंगातून, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. धक्क्यापासून वाचवायला तो फार मोलाचा, पण तापलेला स्विच त्यालाही दिसत नाही. तो दिसतो फक्त आपल्या डोळ्यांना, नाकाला आणि हाताला.

म्हणून खुणा ओळखा. स्विचच्या किंवा सॉकेटच्या भोकांभोवती पिवळसर, तपकिरी डाग. प्लग काढल्यावर पिनेचे टोक काळे. प्लग सॉकेटमध्ये सैल बसतो, जरा हलवला की उपकरण बंद-चालू होते. स्विच दाबताना चर्र असा आवाज, किंवा बोर्डातून सतत बारीक गुणगुण. गिझर लावला की त्याच खोलीतला दिवा मंद होतो किंवा लुकलुकतो. आणि वास. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास पुष्कळांना सुकट भाजल्यासारखा येतो. स्वयंपाकघरात सुकट नसताना तो आला तर बोर्ड शोधायला लागा. हात लावून पाहायचे असेल तर कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून, उपकरण बंद केल्यावर बोटांच्या मागच्या बाजूने पाहावे. भीतीपोटी सगळेच संशयित धरू नका. मोबाइलचा चार्जर कोमट होतो, पंख्याचा जुना पेटीवजा रेग्युलेटर चांगलाच गरम होतो, ते स्वाभाविक आहे. साधा स्विच मात्र गरम लागता कामा नये.

अशी खूण दिसली तर तो स्विच पुन्हा दाबायचा नाही. मेनबोर्डावरून त्या भागाचा एमसीबी खाली करायचा, उपकरणाचा प्लग काढायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो सॉकेट वापरायचा नाही. वर चिकटपट्टी लावून ‘आजचा दिवस’ काढायचा नाही. वायरमन आला की त्याने नुसता स्विच बदलून जाऊ नये, मागच्या तारेचे टोकही पाहावे. तार काळी, कडक झाली असेल तर तेवढी कापून नवे टोक काढावे लागते. जुन्या चाळींत ॲल्युमिनियमच्या तारा अजून आहेत. त्या स्क्रूखाली हळूहळू दबून सैल पडतात. असे घर असेल तर जास्त लक्ष हवे.

आपण स्वतः काय करून ठेवतो

मालकाकडे बोट दाखवण्याआधी खोलीत आपण काय केले आहे तेही पाहू. एकाच सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात तीन तोंडांचा मल्टिप्लग, त्यावर टीव्ही, फ्रिज, मिक्सर आणि सकाळी इस्त्री. प्लग तुटला म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवणे, हे तर आपल्या वस्त्यांतले जुने तंत्र. तीन पिनांची वायर असताना सॉकेट दोन पिनांचा म्हणून अर्थिंगची जाड पिन तोडणे. किटकॅट फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात तांब्याची जाड तार गुंडाळणे. एमसीबी सारखा पडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३२ चा बसवणे, हा त्याचाच नवा अवतार, आणि तो अर्धवट शिकलेले वायरमनच करून देतात. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो. दिव्या-पंख्याची दीड चौरस मिलिमीटरची तार ३२ अँपिअर सोसू शकत नाही. मग एमसीबी पडत नाही आणि तार भिंतीतल्या पाइपात जळते. १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच चौरस मिलिमीटरची आणि गिझर-एसीला चारची तार, हे प्रमाण वाचकांनी लिहून ठेवावे आणि काम करून घेताना वायरमनला विचारावे. माल आयएसआय चिन्हाचाच घ्यावा. स्विचवर आयएस ३८५४, प्लग-सॉकेटवर आयएस १२९३ आणि वायरवर आयएस ६९४ असे क्रमांक छापलेले असतात.

ई-स्कूटरची बॅटरी रात्रभर जिन्यात किंवा दाराशी चार्जिंगला लावून झोपणे ही अलीकडची भर. ती पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

खोलीचा प्रश्न

आता कठीण भाग. आपल्या वाचकांना शहरात खोली कशी मिळते हे आम्हाला ठाऊक आहे. फोनवर सगळे ठरते, मग आडनाव विचारले जाते. किंवा आडनावावरून कळत नाही, म्हणून गाव विचारले जाते, जेवणाचे विचारले जाते. सामान लावताना बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो दिसला की दुसऱ्या दिवशी मालकाचा सूर बदलतो. १९१७ साली बडोद्यात खुद्द बाबासाहेबांना नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि ओळख कळताच लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या माणसाची ही गत होती. अशा अनुभवातून मिळालेली खोली माणूस सहजासहजी पणाला लावत नाही. चटका देणारा स्विच तो सोसतो, मुलांना “तिकडे हात लावू नको” सांगतो, आणि तक्रार करत नाही. ज्या घरांत तक्रार करायची भीती असते त्या घरांत दुरुस्ती उशिरा होते, आणि म्हणून हा प्रश्न आम्ही आरोग्याचा मानतो.

कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या शहरी भागांत लागू आहे तिथे कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झाले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. तक्रार केली म्हणून मालकाने वीज किंवा पाणी तोडले तर कलम २९ आड येते. योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही आणि भाडेकरू त्याविरुद्ध न्यायालयात अर्ज करू शकतो. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, हे कलम ५५ सांगते, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते.

पण एक अडचण आहे. आपल्यापैकी बहुतेक जण ज्यावर सही करतात तो अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार असतो. कायद्याच्या भाषेत त्यात आपण भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो, आणि कलम १४ च्या वळतीवर तिथे विसंबता येत नाही. तिथे करारातले शब्दच कामाला येतात. म्हणून सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या : “भिंतीतील वायरिंग, मेनबोर्ड, स्विच, सॉकेट व अर्थिंग यांची दुरुस्ती मालक स्वखर्चाने करील आणि धोक्याची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत काम न झाल्यास राहणाऱ्याने केलेला खर्च पावतीनुसार भाड्यातून वजा होईल.” बहुतेक मालक यावर भांडत नाहीत, कारण एका स्विच-सॉकेटचा खर्च काहीशे रुपयांचा असतो. अनामत देण्याआधी खोली पाहायला जाल तेव्हा पाण्याबरोबर बोर्डही पाहा. मेन कुठे आहे, तो आपल्याला रात्री हाताशी येतो का, की मालकाच्या कुलूपबंद जिन्यात आहे? एका मीटरवर चार खोल्या आहेत का? असतील तर वीजबिल मागून त्यावरचा ‘मंजूर भार’ वाचा. चार खोल्यांत मिळून दोन गिझर आणि दोन इंडक्शन असतील तर नुसती त्यांचीच बेरीज आठ किलोवॅट होते.

आधीच राहत असाल तर डागाळलेल्या स्विचचा फोटो काढा आणि मालकाला व्हॉट्सॲपवर तारखेसह पाठवा. भांडणाची भाषा नको. “दादा, गिझरचा बोर्ड जळत आहे. आग लागली तर आपल्या इमारतीचे नुकसान होईल. आम्ही वापर बंद केला आहे. वायरमन पाठवावा, किंवा आम्ही करून पावती देतो,” इतके पुरे. यात त्यांच्या इमारतीचा उल्लेख मुद्दाम आहे. भाडेकरूच्या जिवापेक्षा स्वतःची भिंत काहींना लवकर समजते. उत्तर आले नाही तर तोच मजकूर रजिस्टर पोस्टाने. आणि प्रकरण वाढलेच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. प्राधिकरणाचा फोन क्रमांक १५१००.

मीटरच्या आधीच्या तारेत ठिणग्या दिसल्या तर तो मालकाचा नव्हे, वीज कंपनीचा विषय. त्यासाठी १९१२.

आग लागलीच तर

बोर्डातून धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर पहिले काम मेन बंद करणे, तोही हात पोहोचत असेल तरच. चालू विजेवर पाणी कधीही टाकू नये. जवळ एबीसी पावडरचा अग्निशामक असेल आणि आग अजून बोर्डापुरतीच असेल तर पाठीमागे दार मोकळे ठेवून, आगीच्या बुडाशी फवारा मारावा. काही सेकंदांत विझली नाही तर सोडून द्यावे. सगळ्यांना बाहेर काढावे, वाटेत असेल तर गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, निघताना दार ओढून घ्यावे म्हणजे आगीला हवा कमी मिळते. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२. कागदपत्रे, दागिने, मोबाइल यांसाठी परत आत जाऊ नये.

धुराबद्दल जरा सविस्तर, कारण आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतात. वायरवरचे पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो डोळे आणि घसा जाळतो. गादीचा फोम जळाला की त्यातून सायनाइडचा विषारी वायू निघू शकतो. आणि कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते, पाय चालत नाहीत, झोपलेला उठतच नाही. ओला रुमाल नाकावर धरल्याने जळजळ थोडी कमी होते, पण हा वायू त्यातून गाळला जात नाही. म्हणून धुरात रांगत, जमिनीलगत निघावे, तिथे हवा तुलनेने बरी असते. वाट बंद झाली असेल तर दार लावून फटीत ओले कपडे कोंबावेत आणि खिडकीशी थांबून हाका माराव्यात. खिडकीच्या जाळीला कुलूप असेल तर त्याची किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली असावी. चोराच्या भीतीने ती कपाटात ठेवलेली असते.

कपडे पेटले तर पळू नये. खाली पडून लोळावे, किंवा सुती चादर, घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या भागावर नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, किसलेला बटाटा काहीही नको. डॉक्टरांना ते खरवडून काढावे लागते आणि जखम चिघळते. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी, जोडवी काढावीत. गाऊनचे किंवा साडीचे नायलॉन, पॉलिस्टर कातडीला चिकटले असेल तर ओढू नये. फोड फोडू नये. स्वच्छ सुती कापड सैल झाकून रुग्णालयात न्यावे, त्यासाठी १०८. चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले असेल, नाकात काजळी असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर बाहेरून किरकोळ दिसले तरी न्यावे.

विजेने भाजलेल्याला तर नक्कीच न्यावे. कातडीवर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत स्नायू भाजलेले असतात. हृदयाची लय बिघडलेली असू शकते, त्यासाठी ईसीजी काढावा लागतो. धक्का बसून चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. मेन बंद करा, तेही जमले नाही तर कोरड्या लाकडी दांड्याने दूर करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. शिकलेला माणूस असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास, नसेल तर नुसते दाब, मदत येईपर्यंत.

विहारातून काय होऊ शकेल

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब मजूर मंत्री होते, आणि देशाच्या विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि भरपूर वीज मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आयटीआयमधून वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून बसली आहेत. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर अशा दोन-तीन परवानाधारक मुलांनी वस्तीतल्या दहा खोल्यांचे बोर्ड पाहावेत, सैल स्क्रू आवळावेत, आरसीसीबीचे ‘टी’ बटण दाबून दाखवावे. (ते महिन्यातून एकदा दाबायचे असते. पडला पाहिजे.) भाडेकरू आणि मालक यांच्यात बोलणे अवघड झाले असेल तिथे विहाराच्या दोन वडीलधाऱ्यांनी सोबत जावे. एकट्या मुलीने केलेली तक्रार आणि चार माणसांनी शांतपणे केलेली विनंती यांत फरक पडतो.

सुरुवात विहारापासूनच करावी. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला रोषणाईच्या माळा, ध्वनिक्षेपक आणि थंड पाण्याचे यंत्र एकाच सॉकेटवरून चालते. तात्पुरता वीजजोड रीतसर मागून घेता येतो, त्यासाठी मंडळाने पंधरा दिवस आधी अर्ज करावा. मूर्तीसमोरच्या मेणबत्त्या मांडवाच्या कापडापासून आणि बॅनरपासून हातभर दूर, पाणी घातलेल्या ताटात उभ्या कराव्यात. एबीसी पावडरचा एक अग्निशामक दाराजवळ टांगावा, त्याच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते दर पौर्णिमेला पाहण्याचे काम एका उपासिकेकडे नाव लिहून द्यावे, आणि १०१, १०८, ११२, १९१२ हे चार क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून कागद मेनबोर्डाशेजारी चिकटवावा.